‘रक्त पातळ करणारी औषधे’ : औषधचाचण्यांचे निष्कर्ष आणि त्यांची भाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

‘रक्त पातळ करणारे औषध’ हा शब्दप्रयोग मराठीत आता पुरता रुळला आहे. ॲस्पिरिन, हेपॅरिन, वॉरफॅरिन, अपिक्सॅबॅन अशी एकमेकांपासून सर्वस्वी भिन्न असलेली द्रव्ये या एकाच नावाखाली वावरतात. भाषेच्या अभ्यासाला वाहिलेल्या पत्रिकेत औषधांची चर्चा कशासाठी, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, गेल्या पाऊणशे वर्षांत या औषधांवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष सामान्य माणसापर्यंत आकड्यांच्या रूपाने नव्हे, तर वाक्यांच्या रूपाने पोहोचतात. ही वाक्ये शास्त्रीय निबंधातून वर्तमानपत्रात, वर्तमानपत्रातून संभाषणात उतरत असता त्यांतील विशेषणे, अटी आणि मर्यादा एकामागून एक गळून पडतात. जे शेवटी उरते ते ‘ॲस्पिरिन हृदयाला चांगले’ किंवा ‘ॲस्पिरिन हृदयाला उपयोगाचे नाही’ असे दोन-चार शब्दांचे विधान असते.

ही केवळ शब्दांची बाब नाही. पहिल्या विधानावर विसंबून एखादा धडधाकट वृद्ध मनानेच रोज गोळी घेऊ लागतो आणि जठरातील रक्तस्रावाला निमंत्रण देतो. दुसरे विधान वाचून हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण आपली चालू गोळी परस्पर बंद करतो आणि दुसऱ्या झटक्याची शक्यता वाढवून घेतो. दोघांच्या चुका परस्परविरुद्ध दिसतात. पण त्यांचे मूळ एकच आहे. औषधचाचणीचे उत्तर हे तिला विचारलेल्या प्रश्नाएवढेच असते, ही गोष्ट दोघांच्याही कानांवर आलेल्या वाक्यातून निसटलेली असते. हे निसटणे नेमके कोठे घडते, ते या चाचण्यांच्या इतिहासाच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. ‘पातळ’ आणि ‘साकळणे’

प्रथम ‘पातळ’ या शब्दाचाच विचार करू. मराठीत आमटी पातळ असते, ताक पातळ असते, कापडही पातळ असते. द्रवाच्या बाबतीत या विशेषणाने दाटपणाचा अभाव सुचविला जातो. दाट वस्तूत पाणी मिसळले की ती पातळ होते. परंतु उपरोल्लिखित औषधांपैकी एकही रक्ताला या अर्थाने पातळ करीत नाही. ती घेणाऱ्याचे रक्त पूर्वीइतकेच दाट असते. या औषधांनी फरक पडतो तो रक्ताच्या गोठण्यात. दूध पातळ करणे म्हणजे त्यात पाणी घालणे. त्याला विरजण लागू न देणे ही अगदी वेगळी क्रिया आहे. ही औषधे दुसऱ्या प्रकारची आहेत.

हा प्रयोग इंग्रजी बोलीतील रूढ शब्दाच्या अनुकरणाने आपल्याकडे आला, हे उघड आहे. वास्तविक, या क्रियेसाठी मराठीत ‘साकळणे’ हे नेमके क्रियापद पूर्वीपासून आहे. मुका मार लागला की ‘रक्त साकळले’ असे आपल्याकडील वडीलधारी माणसे म्हणत आली आहेत. साकळण्याने जी वस्तू निर्माण होते तिला ‘गुठळी’ म्हणतात. तेव्हा ‘रक्त साकळू न देणारे औषध’ हे वर्णन अर्थाला अधिक धरून होते. रूढ शब्द बदलण्याचा आग्रह येथे नाही. तसा आग्रह बहुधा व्यर्थ ठरतो. तथापि ‘पातळ’ या शब्दाने दोन चुकीच्या समजुती सोबत आणल्या आहेत, त्यांची नोंद घेतली पाहिजे. एक अशी की, रक्त जितके पातळ तितके वाहण्यास बरे, म्हणून हे औषध कोणालाही हितकरच असणार. दुसरी अशी की, ही सर्व औषधे एकच काम करतात, म्हणून एकाच्या जागी दुसरे चालेल. औषधचाचण्यांनी या दोन्ही समजुती खोट्या ठरविल्या आहेत.

३. दोन यंत्रणा, दोन औषधकुळे

रक्त साकळण्याच्या क्रियेत दोन घटक प्रमुख असतात. पहिला घटक म्हणजे बिंबाणू, ज्यांना आता सर्वत्र प्लेटलेट म्हणतात. रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा झाली की ते तेथे चिकटतात व एकमेकांना बिलगून बूच तयार करतात. दुसरा घटक म्हणजे रक्तद्रवातील प्रथिनांची साखळी. एक प्रथिन दुसऱ्याला जागे करते, ते तिसऱ्याला. आणि अखेरीस फायब्रिन नावाच्या तंतूंचे जाळे विणले जाते. वेगाने वाहणाऱ्या रोहिणीतील गुठळीत बिंबाणूंचे प्राबल्य असते. जेथे रक्त मंद वाहते वा साचते तेथील गुठळीत तंतूंचे.

ॲस्पिरिनचे कार्य पहिल्या घटकावर चालते. विलोच्या सालीने ताप उतरतो हे निरीक्षण एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने १७६३ साली रॉयल सोसायटीला कळविले होते. बायर कंपनीने ॲस्पिरिन हे नाव १८९९ साली रूढ केले. त्या नावातील ‘अ’ हा ॲसिटिल गटाचा द्योतक असून ‘स्पिर’ हा अंश स्पिरिया या वनस्पतीवरून पडलेल्या आम्लाच्या जर्मन नावातून घेतला आहे. हे औषध ज्वर व वेदना यांवर सत्तर वर्षे वापरले गेल्यानंतर, १९७१ साली, जॉन व्हेन यांनी ते प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती थांबविते असे दाखवून दिले. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बिंबाणूमधील संबंधित विकर ॲस्पिरिनने एकदा निकामी झाले की बिंबाणूला ते पुन्हा घडविता येत नाही, कारण त्याला केंद्रकच नसते. यामुळे लहानशा मात्रेचा परिणामही त्या बिंबाणूच्या आयुष्यभर, म्हणजे सुमारे आठ-दहा दिवस, टिकतो.

दुसऱ्या कुळातील वॉरफॅरिनची जन्मकथा अमेरिकेतील गुरांच्या गोठ्यात सुरू होते. खराब झालेले गोड क्लोव्हरचे गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक व त्यांचे सहकारी यांनी त्या गवतातील कारणीभूत द्रव्य शोधून काढले. त्याच्याच नात्यातील वॉरफॅरिन हे द्रव्य १९४८ साली प्रथम उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले व १९५४ साली माणसांसाठी मान्य झाले. त्याच्या नावाचा पूर्वार्ध संशोधनाला द्रव्य पुरविणाऱ्या विद्यापीठीय प्रतिष्ठानाच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून बनला आहे. ते ‘के’ जीवनसत्त्वाच्या पुनर्वापरात अडथळा आणून साखळीतील काही प्रथिनांची घडण अपुरी ठेवते. अलीकडील डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन ही औषधे साखळीतील एकेका ठरावीक दुव्यालाच अडवितात.

औषध व विष यांच्यातील अंतर येथे किती थोडे आहे, हे वरील कथेवरून ध्यानात येईल. रक्त साकळणे हा रोग नव्हे; ती शरीराची संरक्षणक्रिया आहे. तिच्यात अडथळा आणणाऱ्या प्रत्येक औषधाला रक्तस्रावाची किंमत असतेच. म्हणून ‘औषध चांगले की वाईट’ असा प्रश्न विचारणे निरर्थक ठरते. टळणाऱ्या गुठळ्या आणि ओढवणारे रक्तस्राव यांची वजाबाकी कोणाच्या बाबतीत काय येते, हा खरा प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर चाचणीवाचून मिळत नाही.

४. निरीक्षण आणि चाचणी

मराठीत ‘चाचणी’ हा शब्द रक्ततपासणीलाही लागतो आणि शाळेतील परीक्षेलाही. येथे तो ज्या अर्थाने योजिला आहे, त्याचा गाभा तुलना हा आहे. हे स्पष्ट होण्यासाठी जिच्यात तुलना नव्हती, अशा एका प्रयत्नापासून आरंभ करणे सोयीचे होईल.

कॅलिफोर्नियातील लॉरेन्स क्रेव्हन या डॉक्टरांनी असे पाहिले की, टॉन्सिल काढल्यानंतर ॲस्पिरिनयुक्त गोंद चघळणाऱ्या रुग्णांना अधिक रक्तस्राव होतो. त्यावरून, हृदयाच्या रोहिण्यांत होणाऱ्या गुठळ्याही याने टळतील असे अनुमान त्यांनी बांधले. १९५० ते १९५६ या काळात त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. सुमारे ८,००० पुरुषांना ॲस्पिरिन दिले असता कोणालाही झटका आला नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अनुमान मोठे मार्मिक होते. परंतु ॲस्पिरिन न घेणाऱ्या तशाच पुरुषांचे काय झाले असते, हे सांगण्याची त्यात सोय नव्हती. क्रेव्हन स्वतः १९५७ साली हृदयविकाराने निवर्तले. त्यांच्या आठ हजारांनी काही सिद्ध झाले नाही, तसे त्यांच्या एका मृत्यूनेही काही असिद्ध झाले नाही.

याउलट ब्रिस्टल येथील बॅरिट व जॉर्डन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेली चाचणी आकाराने अगदीच लहान होती. पायांच्या नीलांतील गुठळी सुटून फुप्फुसात अडकलेल्या ३५ रुग्णांची त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी केली. साकळविरोधी औषध न मिळालेल्या १९ जणांपैकी ५ जण त्याच विकाराने दगावले व आणखी ५ जणांना तो पुन्हा झाला. औषध मिळालेल्या १६ जणांपैकी एकही त्या विकाराने दगावला नाही. इतका फरक दिसल्यावर रुग्णांना औषधावाचून ठेवणे नीतीला धरून नाही, म्हणून चाचणी तेथेच थांबविण्यात आली. ८,००० जणांच्या निरीक्षणाला जे साधले नाही ते ३५ जणांच्या तुलनेला साधले. अर्थात आजच्या कसोट्यांना ही चाचणी पुरी उतरणार नाही. तिचा प्रश्न मात्र नीट मांडलेला होता.

चिठ्ठ्या टाकून विभागणी करण्याला आपल्या परिभाषेत ‘यादृच्छिक’ म्हणतात. मूळच्या ‘यदृच्छा’ या संस्कृत शब्दात ‘दैवगतीने, आपोआप घडणे’ ही छटा आहे. ही यदृच्छा मात्र योजनापूर्वक घडवून आणलेली असते. डॉक्टरांची पसंती, रुग्णाची ऐपत, रोगाची तीव्रता यांपैकी कशाचाही हात विभागणीस लागू नये, एवढाच तिचा उद्देश. त्याच हेतूने शक्य तेथे दुसऱ्या गटास हुबेहूब तशीच, परंतु औषधविरहित गोळी देतात, व कोणाला काय मिळाले हे रुग्णास आणि डॉक्टरांस दोघांसही कळू देत नाहीत. चाचणीत सहभागी होण्याची संमती मागताना ‘यादृच्छिक’ हा शब्द उच्चारून भागत नाही. ‘तुम्हाला कोणती गोळी मिळेल हे डॉक्टर ठरविणार नाहीत, चिठ्ठी ठरवील’ असे सांगितले, तरच रुग्णाची संमती खरी म्हणता येईल.

५. नकाराचे स्थान

आता भाषेच्या अभ्यासकाला विशेष वाटावे असे एक प्रकरण पाहू. पुढील दोन वाक्ये घ्या : ‘औषधाचा उपयोग नाही असे आढळले’ आणि ‘औषधाचा उपयोग आहे असे आढळले नाही’. बोलण्याच्या ओघात आपण ती एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु पहिल्या वाक्यातील नकार वस्तुस्थितीविषयी आहे. दुसऱ्यातील नकार आपल्या ज्ञानाविषयी. ॲस्पिरिनच्या इतिहासातील चौदा वर्षे या दोन वाक्यांमधील अंतरात गेली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९७४ साली कार्डिफ येथील पीटर एलवुड, आर्ची कॉक्रन व त्यांचे सहकारी यांनी, नुकताच झटका येऊन गेलेल्या १,२३९ पुरुषांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ॲस्पिरिन घेणाऱ्यांतील मृत्यू सहा महिन्यांत १२ टक्क्यांनी व वर्षाअखेर २५ टक्क्यांनी कमी दिसले. परंतु एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकला असता, म्हणून संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो सार्थ ठरला नाही. १९८० साली अमेरिकेतील ४,५२४ रुग्णांवरील चाचणीचा निकाल लागला, तो तर उलट दिशेचा होता : ॲस्पिरिनच्या गटात शेकडा १०.८ मृत्यू, दुसऱ्या गटात शेकडा ९.७. उपयोग आहे असे आढळले नाही. आणि उपयोग नाही, असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला असल्यास नवल नाही.

या कोंडीतून दोन मार्गांनी सुटका झाली. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून त्यांचा एकच हिशेब मांडणे हा पहिला मार्ग. १९८८ साली अशा २५ चाचण्यांतील सुमारे २९,००० रुग्णांची माहिती एकत्र केली असता, आधी झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांमध्ये बिंबाणूविरोधी औषधांनी पुढील आघात सुमारे पाव हिश्शाने घटतात असे दिसून आले. पुरेशी मोठी अशी एकच चाचणी घेणे हा दुसरा मार्ग. ऑक्सफर्डहून चालविलेल्या व त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ चाचणीत १६ देशांतील ४१७ रुग्णालयांतून १७,१८७ रुग्ण घेतले होते. झटक्याची शंका आल्याबरोबर ॲस्पिरिन सुरू केलेल्या ८,५८७ जणांपैकी पाच आठवड्यांत रक्तवाहिन्यांच्या विकाराने ८०४ दगावले. औषधविरहित गोळी मिळालेल्या ८,६०० पैकी १,०१६. याच चाचणीत गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेजही तपासले गेले. दोन्ही औषधे मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ८.० होते, तर दोन्ही न मिळालेल्यांत शेकडा १३.२. एका स्वस्त गोळीने दर हजार रुग्णांमागे सुमारे चोवीस जीव वाचावे, हा निकाल वैद्यकाच्या इतिहासात संस्मरणीय ठरला.

या चाचणीच्या अहवालात एक मिस्कील कोष्टक आहे. रुग्णांचे निरनिराळे उपगट पाडून प्रत्येकाचा निष्कर्ष वेगळा देण्याचा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी जन्मराशींनुसारही उपगट पाडून दाखविले. मिथुन व तूळ राशींच्या रुग्णांना ॲस्पिरिनने किंचित अपायच झाल्याचे दिसले. उरलेल्या राशींना भरघोस फायदा. राशी अर्थात पाश्चात्त्य रीतीच्या, म्हणजे जन्मतारखेवरून ठरणाऱ्या सूर्यराशी होत्या. आपल्याकडील चंद्रराशी घेतल्या असत्या तर बहुधा दुसऱ्याच कोणावर तरी संक्रांत आली असती. संपूर्ण समूहाविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या लहान तुकड्यांना विचारू गेल्यास योगायोग उत्तर देऊ लागतो, हा त्यातील बोध.

६. ‘टक्क्यांनी कमी’ म्हणजे किती?

वरील यशानंतर साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला : ज्यांना झटका आलेलाच नाही अशांनी हे औषध प्रतिबंधासाठी घ्यावे काय? येथे मनुष्यांचा वर्ग बदलला, म्हणजे प्रश्न बदलला; परंतु औषधाचे नाव तेच राहिल्यामुळे हा बदल पुष्कळांच्या ध्यानी आला नाही.

अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरील चाचणीचा अंतिम अहवाल १९८९ साली निघाला. दिवसाआड ॲस्पिरिन घेणाऱ्यांत झटक्यांचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी झाले, असे त्याचे सार सर्वत्र सांगितले गेले. ते खरेच होते. मूळ आकडे मात्र असे : सुमारे पाच वर्षांत ॲस्पिरिनच्या गटातील ११,०३७ पैकी १३९ जणांना झटका आला; दुसऱ्या गटातील ११,०३४ पैकी २३९ जणांना. म्हणजे शेकडा २.१७ वरून शेकडा १.२६. एक झटका टाळण्यासाठी सुमारे ११० डॉक्टरांनी पाच वर्षे गोळी घ्यावी लागली. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या एकूण मृत्यूंत घट दिसली नाही. आणि मेंदूतील रक्तस्राव एका गटात २३, तर दुसऱ्यात १२ झाले. ब्रिटनमधील ५,१३९ डॉक्टरांवर १९८८ साली झालेल्या चाचणीत तर झटक्यांतही सार्थ फरक आढळला नव्हता.

‘४४ टक्क्यांनी कमी’ आणि ‘शेकडा एकाहून थोडे कमी’ ही एकाच घटनेची दोन वर्णने आहेत. पहिले गुणोत्तर आहे, दुसरी वजाबाकी आहे. मराठी वाक्यरचनेत ‘टक्क्यांनी’ या तृतीयान्त पदाने कशाचे टक्के हे सांगितले जात नाही. तेथेच घोटाळ्याला जागा मिळते. रुग्णाला निर्णयासाठी बहुधा वजाबाकी हवी असते. मथळ्यांना गुणोत्तर आवडते.

२००९ साली चाचण्यांच्या एकत्रित हिशेबाने हे अंतर फार स्पष्ट केले. आधी विकार झालेल्यांमध्ये ॲस्पिरिनने वर्षाकाठी आघातांचे प्रमाण शेकडा ८.२ वरून ६.७ वर आले. निरोगी मंडळींत ते शेकडा ०.५७ वरून ०.५१ वर आले. म्हणजे पहिल्या वर्गात दर दहा हजारी दीडशे आघात टळले, दुसऱ्यात सहा. रक्तस्रावाची किंमत मात्र दोघांनाही मोजावी लागते. गोळी तीच, वजाबाकी वेगळी.

२०१८ साली तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल पाठोपाठ आले. ब्रिटनमधील १५,४८० मधुमेही व्यक्तींच्या चाचणीत गंभीर आघात शेकडा ९.६ वरून ८.५ वर आले, पण मोठे रक्तस्राव शेकडा ३.२ वरून ४.१ वर गेले. एका हाताने दिलेले जवळजवळ सगळे दुसऱ्या हाताने परत घेतले. मध्यम जोखीम असलेल्या १२,५४६ लोकांच्या चाचणीत सार्थ फायदा दिसला नाही. ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील, मुख्यत्वे सत्तरी ओलांडलेल्या १९,११४ निरोगी वृद्धांच्या चाचणीत अपंगत्वावाचून जगण्याचा काळ वाढला नाही. मोठे रक्तस्राव मात्र शेकडा २.८ वरून ३.८ वर गेले. रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांवरील उपचार आणि धूम्रपानातील घट यांमुळे झटक्याची मूळ शक्यताच काही देशांत कमी झाली होती. त्यामुळे टाळण्यासारखे थोडे उरले व किंमत तेवढीच राहिली, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. या पुराव्यावरून अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२२ साली, साठी ओलांडलेल्या निरोगी व्यक्तींनी प्रतिबंधासाठी ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये, अशी शिफारस केली. ‘निरोगी’, ‘प्रतिबंधासाठी’ आणि ‘नव्याने’ हे तीन शब्द त्या वाक्याचे प्राण आहेत. ते गाळले की उरलेले वाक्य झटका येऊन गेलेल्या रुग्णाला घातक ठरते.

७. एक शब्द, दोन घटना. एक औषध, दोन समूह

‘पक्षाघात’ हा शब्दही असाच जपून वापरावा लागतो. तो अंगाची एक बाजू लुळी पडल्याचे वर्णन करतो. तिचे कारण सांगत नाही. मेंदूची रोहिणी गुठळीने तुंबली तरी पक्षाघात, आणि फुटून रक्त वाहिले तरी पक्षाघात. साकळविरोधी औषधांच्या दृष्टीने या दोन घटना परस्परविरोधी आहेत : एक ती टाळतात, दुसरीला हातभार लावतात. म्हणून ‘पक्षाघात कमी झाले’ या वाक्यात किती टळले आणि किती ओढवले याची बेरीज-वजाबाकी आधीच झालेली असते. ती उलगडून पाहण्याची सवय वाचकाने लावून घेतली पाहिजे.

‘रक्त पातळ करणारी सगळी औषधे सारखीच’ ही समजूतही चाचणीनेच खोडून काढली. हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, नियमित आकुंचन न पावता नुसते थरथरत राहिले की त्यांत रक्त साचते व तंतुमय गुठळी बनून मेंदूकडे जाऊ शकते. वॉरफॅरिन ज्यांना योग्य नव्हते अशा ५,५९९ रुग्णांमध्ये अपिक्सॅबॅन व ॲस्पिरिन यांची समोरासमोर तुलना करण्यात आली. तिचा निकाल २०११ साली प्रसिद्ध झाला. पक्षाघात व तत्सम आघातांचे वार्षिक प्रमाण ॲस्पिरिनच्या गटात शेकडा ३.७, तर अपिक्सॅबॅनच्या गटात १.६ होते, मोठ्या रक्तस्रावांत विशेष अंतर नव्हते. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबविली गेली. बिंबाणूंना आवरणारे औषध तंतूंच्या गुठळीपुढे अपुरे पडते, हे तिसऱ्या विभागातील विवेचनाशी सुसंगतच आहे.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या १८,२०१ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत अपिक्सॅबॅनने वॉरफॅरिनलाही मागे टाकले : पक्षाघात कमी, रक्तस्राव कमी. येथवरचा निष्कर्ष ‘नवी औषधे जुन्यापेक्षा सरस’ अशा शब्दांत मांडणे सोपे होते. पण ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची द्विदल झडप बरीच अरुंद झालेले रुग्ण या चाचणीत घेतलेच नव्हते. पाश्चात्त्य देशांत असे रुग्ण आता विरळा. भारतात, आफ्रिकेत मात्र ते पुष्कळ आहेत, आणि त्यांत तरुण स्त्रियांची संख्या मोठी आहे. त्यांच्याविषयीचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला गेला तो ‘इन्व्हिक्टस’ या चाचणीत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील गणेशन कार्तिकेयन हे तिच्या अग्रणींपैकी होते. आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका येथील २४ देशांतून रुग्ण घेतले होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेला निकाल अपेक्षेच्या विरुद्ध निघाला. रिव्हरोक्सॅबॅन मिळालेल्या २,२७५ पैकी ५६० जणांना आघात वा मृत्यू ओढवला; वॉरफॅरिनसारखी जुनी औषधे मिळालेल्या २,२५६ पैकी ४४६ जणांना. या रुग्णांसाठी जुने, स्वस्त, वारंवार रक्त तपासावयास लावणारे औषधच अधिक हिताचे ठरले. इतरत्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या रुग्णाला जसेच्या तसे लावणे किती जोखमीचे असते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, औषधचाचणीचा निष्कर्ष सांगणाऱ्या वाक्यात चार पदे अवश्य असली पाहिजेत. कोणाला? कशाच्या तुलनेत? काय मोजले? आणि किती जणांत किती? यांपैकी एकही पद गाळले तर वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण राहते, अर्थदृष्ट्या मात्र अपुरे होते. आणि हा अपुरेपणा कानाला जाणवत नाही, हीच त्यातील खरी अडचण आहे.

मराठीतून वैद्यकीय विषय मांडणाऱ्यांसमोरचे काम यावरून काही अंशी निश्चित होते. केवळ नवी परिभाषा घडविल्याने ते पुरे होणार नाही. ‘साकळणे’ यांसारखे उपलब्ध शब्द पुन्हा वापरात आणणे, नकाराची जागा सांभाळणे, ‘टक्क्यांनी’ या पदापूर्वी कशाचे ते लिहिणे, आणि ‘पक्षाघात’ असे म्हटल्यावर कोणत्या प्रकारचा ते सांगणे, ही कामे भाषेच्या अभ्यासकांच्या आवाक्यातील आहेत. संमतीपत्रांचे व रुग्णांसाठी काढलेल्या माहितीपत्रकांचे मराठी मसुदे या दृष्टीने तपासणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधाचा विषयही होऊ शकेल. प्रत्यक्ष औषध सुरू करणे वा बंद करणे हा निर्णय त्या त्या रुग्णाच्या डॉक्टरांनीच करावयाचा आहे. परंतु तो निर्णय ज्या वाक्यांच्या आधाराने रुग्णाला समजावून दिला जातो, ती वाक्ये निर्दोष असावीत, एवढी अपेक्षा आपल्याकडून करण्यास काहीच हरकत नाही.